खुलासा : ‘विषारी परदेशी माशी’ हा मेसेज खोटा आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर दोन फोटो फिरत आहेत : एकाच विषारी परदेशी माशीचे नर आणि मादी, डंखाने जीव जातो, दिसताच फवारा मारा.

फोटो मोठे करून पाहिले. हे दोन वेगळे कीटक आहेत, आणि दोन्ही इथलेच.

पारदर्शक पंखांचा, फुलासमोर हवेतच थांबून मध पिणारा तो पतंग. त्याची लांब सोंड घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली फोटोत स्पष्ट दिसते. माशीला अशी सोंड नसते. पतंगाला नांगी नसतेच, मग डंख कुठून येणार?

दुसरी, पोटावर निळे पट्टे असलेली, एकटी राहणारी मधमाशी. तिचं पोळं नसतं. मादी मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून अंडी घालते. नांगी मादीलाच असते, पण चिमटीत पकडल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही. टोमॅटो-वांग्याच्या फुलातला पराग घट्ट कोंडलेला असतो. ही माशी फुलाला बिलगून अंग थरथरवते, तेव्हा तो झडतो आणि फळ चांगलं धरतं. फवारा मारला तर नुकसान आपल्याच शिवाराचं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.