शार्क फिन शोभेचा नाही, आणि तो काढून कुणाचं बाळ सुरक्षित होत नाही

गाडीच्या टपावरचा शार्क फिन, म्हणजे शार्क माशाच्या परासारखा दिसणारा अँटेना, काढून टाका, असं सांगणारा मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. मी आधी दुर्लक्ष केलं. पण आमच्या वहिनीला सातवा महिना लागलाय, आणि दादाने तो मेसेज वाचून खरोखरच फिन उचकटला, केबल छताच्या अस्तरात खोचली आणि भोकावर टेप मारली. विचारलं तर म्हणाला, "अरे, बाळापेक्षा रेडिओ मोठा आहे का?" मी गाड्यांच्या अँटेनांवरच काम करतो. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं असं. फिनमध्ये टॉवरसारखा ट्रान्समीटर असतो आणि तो थेट डोक्यावर किरणं सोडतो, म्हणून गरोदर बायकांना आणि मुलांना धोका. मोबाइलमध्ये एवढासा अँटेना चालतो, म्हणजे फिन हा कंपन्यांचा नुसता दिखावा. त्याऐवजी नाण्याएवढा 'नॅनो अँटेना' स्टिकर आत चिकटवा, सोबतच्या व्हिडिओत मीटर त्याला शंभर टक्के दाखवतो. वर आणखी दोन शेपट्या: फिन काढला की मायलेज वाढतं, आणि फिन आकाशातली वीज ओढून घेतो.

सगळ्यात आधी किरणांचं, कारण घबराट तिथून सुरू होते.

फिनचं प्लास्टिकचं कवच काढलं की बहुतेक वेळा पुढच्या बाजूला साधारण २५ मिलिमीटरचा चौकोनी सिरॅमिकचा तुकडा दिसतो, वरून चांदीचा मुलामा दिलेला. तो जीपीएसचा अँटेना. तो काहीही सोडत नाही, फक्त ऐकतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला जेमतेम एक हाती लागतो. म्हणून तर त्या तुकड्याच्या खालीच छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो. रेडिओचा भागही फक्त ऐकणाराच. उरली मागची उभी पाती, म्हणजे सर्किट बोर्डवर छापलेली तांब्याची वेडीवाकडी पट्टी. ती मोबाइल नेटवर्कची. गाडीत स्वतःचं सिम असेल तर ही पाती सिग्नल पाठवते, हे खरं.

पण किती? ४जी मॉडेम, म्हणजे गाडीतला नेटवर्कशी बोलणारा भाग, साधारणपणे जास्तीत जास्त २०० मिलिवॅट सोडतो, म्हणजे खिशातल्या फोनइतकंच. तेही टॉवर लांब असेल तेव्हा. जवळ असेल तर टॉवरच त्याला आवाज कमी करायला सांगतो. आता धरून चाला की तो पूर्ण जोरात चाललाय, अँटेना एका दिशेला दुप्पट ताकद देतोय, आणि माणूस त्याच दिशेला एक मीटरवर उघड्यावर बसलाय. हिशोब येतो दर चौरस मीटरला ०.०३ वॅटच्या आसपास. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने सर्वसामान्य लोकांसाठी घालून दिलेली मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला ४.५ वॅट आहे. शंभरपटीहून जास्त फरक, आणि अजून मी मधला पत्रा धरलेलाच नाही.

तो पत्राच सगळ्यात महत्त्वाचा. टपावरचा अँटेना एकटा काम करत नाही. खालचा धातूचा टप आरशासारखा वागतो आणि अँटेनाची उरलेली अर्धी बाजू पुरवतो. त्यामुळे लहरी टपाच्या वर आणि आजूबाजूला पसरतात. खाली प्रवाशांकडे जाणारी वाट तोच टप अडवतो. थोडंफार काचांतून वळून आत येतं, पण छपराखाली बसलेल्या माणसाच्या दृष्टीने याहून चांगली जागा गाडीत नाही.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना '२ब' म्हणजे 'कर्करोगकारक असू शकतात' या गटात टाकलं, असं मेसेजमध्ये आहे. ते खरं आहे, मान्य. पण तो गट पुरावा किती बळकट आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. आणि तो मर्यादित पुरावा होता कानाला फोन लावून बोलणाऱ्यांबद्दलचा. पत्र्यापलीकडच्या अँटेनाबद्दल त्यात काही नव्हतं.

आता फिन काढल्यावर काय होतं ते बघा. मॉडेम डॅशबोर्डमध्ये किंवा सीटखाली तसाच चालू असतो. त्याला टॉवर सापडत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा हाका मारत राहतो, आणि त्या हाका जातात अस्तरात खोचलेल्या केबलच्या उघड्या टोकापर्यंत. ते टोक नीट अँटेनाचं काम करत नाही, पण जे काही थोडं गळतं ते आता पत्र्याच्या खाली, माणसांच्या बाजूला गळतं! ज्यांची गाडी आत वायफाय देते त्यांचं तर आणखी वाईट. तिथे आतापर्यंत फोनला हातभरावरच्या वायफायशी बोलायचं होतं. आता प्रत्येक फोन पोटाशी किंवा मांडीवर राहून धातूच्या डब्यातून थेट टॉवर गाठायला जोर लावणार. म्हणजे ज्याची भीती घातली तेच वाढलं.

आणि ज्या गाडीत अपघातानंतर आपोआप मदत मागणारी सोय आहे तिथे तर हा निव्वळ जिवाशी खेळ आहे. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना ती सक्तीची आहे. एअरबॅग फुटली की गाडी स्वतः ११२ ला फोन लावते आणि जागा कळवते. फोन आणि जागा ही दोन्ही कामं बहुधा याच फिनच्या भरवशावर असतात. काही गाड्यांत आत पर्यायी अँटेना असतो, पण आपल्या गाडीत तो आहे की नाही हे फिन उपटताना कुणी पाहिलं का? बाळाची काळजी म्हणून बाळासाठी मदत बोलावणारी तारच तोडायची, हे कुठलं शहाणपण?

दुसरा मुद्दा दिसायला तर्कशुद्ध आहे, म्हणून जास्त लोक फसतात. मोबाइलमध्ये मावतो, मग गाडीला फिन कशाला?

मोबाइलमधली पट्टी लहान दिसते, पण लहरी सोडायचं काम ती एकटी करत नाही. तिच्यामुळे फोनच्या अख्ख्या धातूच्या सांगाड्यात, चौदा-पंधरा सेंटिमीटरभर, प्रवाह खेळतो. सांगाडा बाजूला काढा आणि नुसती पट्टी घ्या, काहीही हाती लागणार नाही.

आकाराची ही अट कुणा कंपनीने घातलेली नाही. १९४७ मध्ये अभियंते हॅरॉल्ड व्हीलर यांनी लहान अँटेनांच्या मर्यादा मांडल्या आणि १९४८ मध्ये लॅन जेन चू यांनी 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये त्याचं गणित पक्कं केलं. अँटेना ज्या गोलात मावतो त्या गोलाची त्रिज्या तरंगलांबीच्या मानाने जितकी लहान, तितका त्याचा वारंवारतेचा पट्टा, म्हणजे ज्या वारंवारतांवर तो नीट काम करतो तो टप्पा, अरुंद. आणि ही घट साधी नाही, घनाच्या हिशोबाने होते. अर्ध्या आकाराला पट्टा साधारण आठवा हिस्सा. इतकी वर्षं झाली, ऊर्जा वाया न घालवता ही मर्यादा ओलांडणारा साधा अँटेना कुणी बनवलेला नाही.

आता आकडे घाला. मोबाइलचा खालचा पट्टा साधारण ७०० ते ९६० मेगाहर्ट्झ, म्हणजे मधल्या आकड्याच्या तीस टक्क्यांहून रुंद. ७०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ४३ सेंटिमीटर. उभा अँटेना सहा-साडेसहा सेंटिमीटर उंच असेल आणि खाली टपाचा पत्रा असेल, तर चूंच्या सूत्रातून चाळीस टक्क्यांच्या आसपासचा पट्टा तत्त्वतः मिळू शकतो. प्रत्यक्षात त्याहून कमी हाती लागतो. म्हणजे गरज भागते, पण काठावर. फिनची उंची नेमकी तेवढीच का, याचं उत्तर इथे आहे. यातला एकेक सेंटिमीटर कमी करताना आमचे महिने जातात. पट्टी वरून वाकवा, टोकाला रुंद करा, मुळाशी जमिनीला जोडा, सगळं करून बघतो. शिवाय त्याच इवल्या जागेत दुसरा मोबाइल अँटेना हवा, कारण वेगवान डेटासाठी दोन वेगळे कान लागतात, आणि ते एकमेकांच्या आवाजात बहिरे होता कामा नयेत. याला कुणी दिखावा म्हटलं की चीड येते.

आता तोच हिशोब नाण्याएवढ्या 'नॅनो' स्टिकरला लावा. त्रिज्या एक सेंटिमीटर, वारंवारता तीच. तत्त्वतः सगळ्यात चांगला, काहीही वाया न घालवणारा अँटेना धरला तरी पट्टा येतो जेमतेम दोन-चार मेगाहर्ट्झ. ४जीची एक वाहिनी बऱ्याचदा दहा किंवा वीस मेगाहर्ट्झची असते. आणि हे झालं कशाला तरी जोडलेल्या अँटेनाचं. हा स्टिकर तर कशालाच जोडलेला नसतो. फोनच्या पाठीवर लावला तर त्यातली धातूची नक्षी फोनच्या स्वतःच्या अँटेनाचा सूर बिघडवू शकते, एवढाच त्याचा परिणाम.

मग व्हिडिओतला मीटर शंभर टक्के कसा दाखवतो? तो मीटर फक्त एवढंच सांगतो की पाठवलेली ऊर्जा परत आली नाही. ती हवेत गेली की जळून उष्णता झाली, हे त्याला कळत नाही. केबलच्या टोकाला ५० ओहमचा साधा रेझिस्टर, म्हणजे ऊर्जेची नुसती उष्णता करणारा भाग, लावा, मीटर त्यालाही शंभर टक्के देईल. रेझिस्टर एक शब्दही टॉवरपर्यंत पोचवणार नाही. अँटेना खरंच किती ऊर्जा बाहेर सोडतो हे मोजायला लहरी शोषणाऱ्या भिंतींची खोली लागते. दुकानाच्या काउंटरवर ते होत नाही, आणि जो करून दाखवतो तो एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड.

मायलेजवर फार वेळ घालवत नाही. फिनचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ गाडीच्या हजारात एक भाग असेल. टायरमध्ये हवा कमी असल्याने त्याहून कितीतरी जास्त इंधन जातं. आणि विजेचं म्हणाल तर तिला चार मीटर लांबीचा धातूचा डबा समोर असताना सहा सेंटिमीटरच्या प्लास्टिकचं आकर्षण कशाला? बंद गाडीत प्रवाह पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर खाली उतरतो, फिन असो वा नसो.

आता जे खरं आहे तेही सांगतो, नाइलाजाने, कारण त्याच आधारावर बाकीचं खोटं खपतं. बाजारात चिकटपट्टीने लावायचे पोकळ फिन मिळतात. त्यांत काहीच नसतं, ती निव्वळ शोभा. तसला असेल तर खुशाल काढा. खाली टपाला भोक आणि केबल नसेल तर तो तसलाच. दुसरं, एफएमच्या बाबतीत जुनी लांब काठी सरस होती. १०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी तीन मीटर, चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. फिनमध्ये तेवढी लांबी मावत नाही, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर भागवतात किंवा मागच्या काचेवरच्या रेघा वापरतात, आणि स्टेशन लांब असलं की खरखर जास्त येते. तिसरं, फिनशिवाय गाडी बनूच शकत नाही असंही नाही. प्लास्टिकच्या डिकीखाली, आरशांत, टपातल्या खोबणीत अँटेना लपवता येतात. पण ते गाडीच्या आराखड्यापासून ठरवावं लागतं. आधीच बनलेल्या गाडीचा फिन उपटणं म्हणजे ते नव्हे.

ज्यांनी काढून ठेवलाय त्यांनी परत बसवताना तीन गोष्टी बघा. खालचं रबर फाटलं असेल तर नवं घाला, नाहीतर पावसाचं पाणी अस्तरातून वायरिंगपर्यंत जाईल. फिनचा तळ पत्र्याला जिथे टेकतो तिथली माती आणि गंज साफ करा, कारण तो धातूचा संपर्कच अँटेनाची दुसरी बाजू जोडतो. कनेक्टर रंग बघून लावा: बहुतेक गाड्यांत निळा जीपीएसचा, गडद लालसर मोबाइलचा. वरून धातूचा मुलामा असलेलं क्रोमचं कव्हर चढवू नका. मग गाडी मोकळ्या आकाशाखाली उभी करून नॅव्हिगेशन चालू करा. पहिल्यांदा उपग्रह पकडायला काही मिनिटं लागली तर लागू द्या.