‘निवारे रिकामे पडलेत, मग बेघरांना विचारायचं कशाला?’ – एका मेसेजला उत्तर

थंडी पडली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: महापालिकेने बेघरांसाठी निवारे बांधले, पण ते रिकामे आहेत, कारण या लोकांना फुटपाथच आवडतो. निवाऱ्याबद्दल त्यांचं मत विचारून उपयोग नाही, कारण निम्मे नशेत आणि निम्मे वेडसर असतात. आज इथे, उद्या तिथे. जे विचारून पाहिलं त्यात सगळ्यांनी ‘चांगलं आहे’ असंच सांगितलं. आणि फुकट मिळतंय तर तक्रार कसली?

आधी रिकाम्या खाटांबद्दल. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा हवा. तो चोवीस तास उघडा, ५० ते १०० जणांसाठी, माणशी किमान ५० चौरस फूट जागा असलेला. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे शंभरावर निवारे लागतात. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या आसपासही नाही. त्याच जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. तरीही काही निवाऱ्यांत जागा शिल्लक राहते हे खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच विचारायला हवं.

कारण उत्तरं फार साधी निघतात. मुंबईच्या फुटपाथवर एकट्या पुरुषांसोबत कुटुंबंही राहतात. निवारा ‘फक्त पुरुषांसाठी’ असेल तर नवरा आत आणि बायको-लेकरं बाहेर, हे कोण पत्करेल? कॅटरिंगचं काम संपवून माणूस रात्री दीडला येतो आणि दार दहाला बंद झालेलं असतं. रोजंदारीच्या कामासाठी नाक्यावर सकाळी सहाला उभं राहायचं तर निवारा चालत जाण्याच्या अंतरावर हवा. रोज बसभाडं घालून झोपायला जाणं परवडत नाही. कुलूप लावायची पेटी नसेल तर हातगाडी, भंगाराचं पोतं, रेशनकार्ड ठेवायचं कुठे? गादीत ढेकूण असतील तर रात्रभर झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी ओझं उचलवत नाही. यातलं एकही कारण रजिस्टरमध्ये सापडत नाही. तिथे फक्त ‘आज हजर: १४’ एवढंच लिहिलेलं असतं.

‘नशेत आणि वेडसर’ हा मुद्दा. फुटपाथवर राहणारी बहुतेक माणसं कामावर जातात: नाका कामगार, कचरावेचक, गजरे विकणाऱ्या बायका, हमाल. ज्यांना मानसिक आजार आहे त्यांच्याबद्दल २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं चौथं कलम वाचावं. आजार आहे एवढ्यावरून माणसाला स्वतःच्या उपचाराबद्दल ठरवता येत नाही असं धरता येत नाही. उपचाराबद्दल ठरवू शकणाऱ्या माणसाला ‘संडासाला दार नाही’ हे सांगता येणार नाही, असं कसं म्हणायचं? आणि एखादा प्यायलेला असेल तर सकाळी परत जावं.

‘आज इथे, उद्या तिथे’ याचं उत्तर निवडणूक आयोगाने केव्हाच दिलं आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहिली की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे जाऊन, एकाहून जास्त रात्री, तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहतो. पत्त्याचा कागद मागितला जात नाही. मत नोंदवायला फुटपाथ चालतो, तर अभिप्राय नोंदवायलाही चालेल.

आता ‘सगळे चांगलंच म्हणाले’. मेसेजमधला सगळ्यात पोकळ मुद्दा हा, आणि बऱ्याच भल्या माणसांनाही तो पटतो. विचारणारा कोण होता? बहुतेकदा निवारा चालवणाऱ्या संस्थेचाच माणूस, शेजारी केअरटेकर उभा. ज्याच्या हातात आजची खाट आहे त्याच्यासमोर कोण बोलेल? बाहेरची भीती तर त्याहून मोठी. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना, भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा रीतीने भटकणं हेसुद्धा त्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत बसतं, आणि वॉरंटशिवाय धरता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली अनेक कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. वही घेऊन आलेला अनोळखी माणूस दिसला की ‘सब ठीक है साहेब’ म्हणणं हा शहाणपणा आहे. ते समाधान समजू नये.

नीट विचारायचं तर वेळ आधी ठरवा. दुपारी गेलात तर आजारी आणि म्हातारी माणसंच भेटतील. रात्री साडेनऊ ते अकरा आणि पहाटे पाच ते साडेसहा या वेळा धरा. केअरटेकर खोलीबाहेर हवा. बायकांशी बाईनेच, वेगळ्या जागी बोलावं. जितक्या मुलाखती आत, तितक्याच निवाऱ्याच्या एक किलोमीटर परिसरातल्या फुटपाथवर घ्या, आणि गेल्या तीन महिन्यांत निवारा सोडून गेलेल्यांना मुद्दाम शोधा. सगळ्यात कामाची माहिती त्यांच्याकडेच असते.

‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर ‘हो’च येतं. ‘काल रात्री किती वेळा जाग आली, कशाने?’, ‘आंघोळीला पाणी शेवटचं कधी मिळालं?’, ‘आज सामान कुठे ठेवलंत?’, ‘शेवटची तक्रार कुणाकडे केलीत, पुढे काय झालं?’ असं विचारा. नाव आणि खाटेचा नंबर लिहू नका. पण एवढ्याने भागत नाही. पन्नास जणांच्या निवाऱ्यात ‘दोन मुलं असलेली सोलापूरची बाई’ एवढं अहवालात आलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. असे तपशील गाळा. मुलाखतीत मजुरीचा वेळ जात असेल तर ठरलेली रक्कम द्या, सगळ्यांना सारखी, आणि उत्तर काहीही असलं तरी ती मिळेल हे सुरुवातीलाच सांगा. तक्रारपेटी ठेवायची तर किल्ली वॉर्ड ऑफिसकडे असावी, ठरलेल्या तारखेला सगळ्यांसमोर उघडावी. लिहिता न येणाऱ्यांना मात्र पेटीचा उपयोग नाही, हे लक्षात असू द्या.

‘फुकट’ या शब्दाबद्दल एवढंच: निवारा जनतेच्या पैशातून चालतो आणि चालवणाऱ्याला त्याचं अनुदान मिळतं. रात्री तीनला पंखा बंद होता की चालू, पाणी होतं की नव्हतं, हे पाहायला कोणताही तपासनीस नसतो. तिथे झोपलेली माणसंच तेवढी साक्षीदार असतात. करदात्याला हिशेब हवा असेल तर तो त्यांच्याकडूनच मिळेल.

शिवाय सेवा घेणाऱ्याला समितीत बसवणं आपल्याला नवं नाही. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के फेरीवाले आणि त्यांत किमान एक तृतीयांश महिला असतात. निवाऱ्याच्या समितीत बेघरांचा एकच प्रतिनिधी घेण्याची चूक करू नका. एकटा माणूस लगेच ‘कटकट्या’ ठरतो, किंवा केअरटेकरचा लाडका होतो. किमान तीन घ्या, त्यांत एक बाई आणि एक सध्या फुटपाथवरच राहणारा. निवड रहिवाशांनी करावी, मुदत सहा महिने, बैठक रात्री आणि निवाऱ्यातच. आणि सर्वेक्षणानंतर पंधरा दिवसांच्या आत त्याच खोलीत मोठ्याने वाचून दाखवा: काय केलं, काय करता आलं नाही आणि का. ‘लॉकरला निधी मंजूर नाही, अर्ज अमुक तारखेला पाठवला’ हे उत्तरही चालतं. ते मिळालं नाही तर पुढच्या फेरीत पुन्हा ‘सब ठीक है’च ऐकू येईल.