हरळी विकत घेतलेला माणूस

आमच्या आबांनी आयुष्यभर दोघांशीच वैर धरलं. एक भावकी आणि दुसरी हरळी. भावकीशी पुढे तडजोड झाली. हरळीशी नाही.

खटाव तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन. पाऊस बेताचा, तोही त्याच्या मनात आलं तर. ज्वारी करपून जायची, पण हरळी बांधावरून सावकाश खाली उतरायची, पाहुणी म्हणून यायची आणि सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी राहायची. उन्हाळ्यात नांगरट झाली की घरातली सगळी माणसं, परीक्षा संपवून मोकळी झालेल्या आम्हा पोरांसकट, ढेकळं फोडत काश्या वेचायला रानात. काशी म्हणजे हरळीचं जमिनीखालचं पांढरं, गाठीगाठींचं खोड. एक गाठ मातीत राहिली तरी तिला फुटवा येतो. म्हणून वेचलेल्या काश्या बांधावर टाकायच्या नाहीत, वाळवून जाळायच्या, हा आबांचा कायदा. त्या धुरात माझं निम्मं बालपण गेलं.

आणि त्यांच्याच पोटच्या पोरानं, म्हणजे मी, साताऱ्याला गोडोलीत घर बांधल्यावर पुढच्या अंगणात वीस बाय बारा फुटांची हरळी चौरस फुटाच्या भावानं पैसे मोजून लावून घेतली.

माझी बाजू एवढीच की नर्सरीवाला हरळी म्हणालाच नव्हता. तो म्हणाला, "बर्म्युडा ग्रास घ्या साहेब, फॉरेनची लोकं हीच लावतात." बर्म्युडा म्हणजे गुडघ्यापर्यंतची चड्डी एवढंच माझं ज्ञान. ती घालून, हातात चहाचा कप घेऊन, हिरव्यागार लॉनवर अनवाणी उभा असलेला मी, समोर अजिंक्यतारा, असं चित्र डोळ्यापुढे आलं आणि मी होकार दिला. चित्रातल्या हातात खुरपं नव्हतं.

लॉन लावल्यानंतरच्या पहिल्याच गणपतीत बायको मोती चौकातून दूर्वांची जुडी विकत घेऊन आली. तीन पात्यांची एकेक दूर्वा निवडताना तिनं एकदा जुडीकडे पाहिलं, एकदा दारातल्या लॉनकडे, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. एकवीस दूर्वा मात्र लॉनमधून तोडून आणल्या. बर्म्युडा, दूर्वा आणि हरळी ही एकाच बाईची माहेरची, देवळातली आणि रानातली नावं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आबांना मात्र ही गोष्ट कळू द्यायची नाही, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं. त्यातून ते यायचे ते उन्हाळ्यात, जेव्हा लॉन वाळून पिवळं पडलेलं असायचं आणि त्यावर पापड घातलेले असायचे.

या वर्षी ते कोजागिरीनंतर आले. डोळे दाखवायला.

आता कोजागिरीपर्यंत आमच्या बागेची अवस्था काय असते ते सांगायला हवं. साताऱ्याचा पाऊस चार महिने बागेत मुक्कामाला असतो आणि त्या काळात गवत उपटायचं ठरवलं तर पंचांग आडवं येतं. आषाढात चिखल. श्रावणात बायको म्हणते, मंगळागौरीला पत्री लागते, राहू दे. भाद्रपदात दूर्वा आणि आघाडा. आघाडा तर आमच्याकडे इतका माजतो की आळीतल्या निम्म्या गौरी आमच्या जिवावर येतात. तेरडाही गौरीसाठी राखायचा. मग पितृपंधरवडा, त्यात नवं काम कोण काढतो? नवरात्रात घटाला माती आणि दसऱ्याला झेंडू. तणाला इतकं धार्मिक संरक्षण दुसऱ्या कुठल्या समाजात असेल असं वाटत नाही.

त्याच दिवसांत इथून पंचवीस किलोमीटरवर कासच्या पठारावर लोक तिकीट काढून तेरडा आणि सोनकी बघायला जातात. आमच्या पुण्याच्या मेहुण्याला मी म्हटलं, आमच्या दारात उतर, तेरडा फुकट आहे, वर चहा देतो. पण त्याला वारसास्थळच पाहिजे होतं. कासला 2012 साली युनेस्कोचा दर्जा मिळाला. तिथं जांभ्या खडकावर चार बोटं माती, वर माळी नाही, शेणखत नाही, आणि तरी गालिचा. आमच्याकडे दोन ट्रॉली माती, गांडूळखत, निंबोळी पेंड, आणि गालिचा फक्त हॉलमध्ये.

तर पाऊस उघडला आणि शनिवारी मी कामाला लागलो. आधी गुलाब.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात करायची असते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ज्याच्या हातात कात्री असते त्याला इतर सगळे ती कशी करायची ते सांगतात. कंपाउंडच्या पलीकडचे काका निवृत्त झाल्यापासून गुलाबांत आहेत. ते भिंतीवर कोपर टेकून उभे राहिले.

"ताण दिला होता का?"

"मलाच आहे काका."

"झाडाला, हो. छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं असतं."

पाणी तोडायचा प्रश्नच नव्हता, परवापर्यंत वरून पडत होतं. ते म्हणाले, ठीक आहे, आता बाहेरच्या बाजूला तोंड केलेला डोळा शोधा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप घ्या, म्हणजे पाणी साचत नाही आणि फांदी बाहेर वाढते. मी डोळा शोधू लागलो. गुलाबाच्या काडीवर डोळा शोधताना आपलेही डोळे काट्यांच्या फार जवळ जातात हे कुणी सांगत नाही. शिवाय मला जो डोळा बाहेरचा वाटे तो काकांना आतला वाटे. वाळकी काडी काढा, एकमेकींवर घासणाऱ्या काढा, म्हातारी काढा, असं करत करत अकरा झाडांच्या जागी अकरा खुंट उरले. एका झाडाला एकच फूल होतं, गुलाबी. ते मी काढून बाजूला ठेवलं आणि नंतर त्याच्यावर बसलो.

बायको बाहेर आली. तिनं खुंट मोजले. "आता दिवाळीत रांगोळीला काय घालायचं, काड्या?" असं म्हणून आत गेली. पंचेचाळीस दिवसांनी फुलं येतील हे मी दाराला सांगितलं.

मग बोर्डो पेस्ट. छाटलेल्या तोंडांना ती लावली नाही तर बुरशी आत शिरते आणि काडी वरून खाली वाळत येते. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं, आणि हे सगळं प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही. एवढं मी पाळलं. मिश्रण असं देखणं निळं झालं की माझंच मला कौतुक वाटलं. पण काका म्हणाले, चुना पुरेसा पडलाय का बघा, लोखंडी सुरी बुडवून ठेवा, तांबूस झाली तर चुना कमी. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. मिनिटभरानं बाहेर काढली तर पातं नव्या कोऱ्या तांब्याच्या पळीसारखं चमकत होतं. रसायनशास्त्राचा इतका सुंदर प्रयोग मी शाळेतही पाहिला नव्हता. मोरचुदातलं तांबं लोखंडावर येऊन बसलं होतं. मी तो प्रयोग दाखवायला उत्साहानं आत गेलो आणि तिथं समजलं की ती सुरी माहेरची होती.

गुलाबाला आणखी थोडा चुना लावला. मलाही लागलाच होता.

शेवंती आणि जास्वंदीचं फार सांगत नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होता, तो साबणाच्या पाण्यानं गेला आणि आठ दिवसांनी परत आला. शेवंतीला दिवस लहान झाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत, आणि आमच्या शेवंतीवर रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडतो, त्यामुळे तिच्या दृष्टीनं अजून जून महिनाच चालू आहे. रोज संध्याकाळी मी तिच्यावर पोतं टाकतो आणि सकाळी काढतो. पोपटाचा पिंजरा झाकतात तसं. मोगऱ्याकडे मी कात्री घेऊन वळलो तेव्हा काका भिंतीवरून जवळजवळ अलीकडे आले. मोगऱ्याची छाटणी थंडी सरताना. हे निदान एक काम वाचलं.

रविवारी लॉन.

आबा कट्ट्यावर येऊन बसले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा, त्यामुळे त्यांना अंगणात हिरवं काहीतरी आहे एवढंच दिसत असावं या आशेवर मी खुरपं घेऊन उकिडवा बसलो. चार महिन्यांत लॉनमध्ये गाजरगवत, केना आणि लव्हाळा यांनी आपापले वॉर्ड वाटून घेतले होते. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटलं तर सोपं जातं. मी ते फुलल्यावर उपटलं, त्यामुळे पुढच्या वर्षाची पेरणी हातोहात झाली. केना तर हाताला लागला की निघतो.

लव्हाळ्याचं तसं नाही. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळा राहतो, हे शाळेत आम्हाला नम्रतेचं उदाहरण म्हणून शिकवलं. नम्र कसला! देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा, तीन धारा लागतात. वरून ओढला की शेंडा हातात येतो आणि खाली काळा, वाटाण्याएवढा कंद जागच्या जागी बसून हसतो. खुरप्यानं तो उकरला की त्याला दोऱ्यासारखं मूळ, त्या मुळाला पुढे दुसरा कंद, मग तिसरा. मी त्या माळेमागे जात जात तुळशीवृंदावनापर्यंत पोचलो. तो कंद हुंगला की उटण्याचा वास येतो, कारण तोच नागरमोथा. म्हणजे दारातली हरळी दूर्वा म्हणून विकत आणायची आणि दारातला लव्हाळा उटणं म्हणून. मी एकटा साताऱ्याची निम्मी बाजारपेठ चालवतो.

दोन तासांत अंथरुणाच्या चादरीएवढी जागा साफ झाली आणि कंबर काटकोनात राहिली. वाढलेलं लॉन कापताना एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पातं घ्यायचं नाही, नाहीतर ते पिवळं पडतं. मशिन मागून आणलं होतं, त्याला उंची कमीजास्त करायची कळ होती आणि ती गंजली होती. लॉन पिवळं पडलं. मग मी पाइप घेऊन त्याच्यावर पाणी मारू लागलो.

"काय करतूस?" कट्ट्यावरून आवाज आला.

"पाणी घालतोय आबा."

"कशाला?"

"गवताला."

बराच वेळ काही आवाज नाही. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आबांच्या रानात जेमतेम पाचशे. त्यांनी ज्वारीलासुद्धा कधी मनासारखं पाणी दिलेलं नाही. ते काठी टेकत खाली आले, वाकले, एक धागा उपटला, काळा चष्मा कपाळावर केला आणि ती गाठ डोळ्याजवळ धरली. जुना शत्रू चष्म्याशिवायही ओळखू येतो.

"आरं, ही हरळी हाय की!"

"बर्म्युडा आहे आबा. फॉरेनची."

"हितं कशी आली?"

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. पण कंबर दुखत असताना माणूस खरं बोलतो. "विकत आणली."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. दहावीला गणितात गटांगळी खाल्ली होती तेव्हाही त्यांनी इतक्या काळजीनं पाहिलं नव्हतं. मग ते सुनेला म्हणाले, "ह्येला कुणी काय खायला घातलं हुतं का गं?" आणि आत जाऊन पडले. रात्री जेवताना एकदाच बोलले. "फुटाला कितीनं दिली?" मी आकडा सांगितला. त्यांनी वीस गुणिले बारा केलं, तोंडी, आणि भाकरी बाजूला सारली.

सोमवारी मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी फाटक उघडलं आणि आधी वाटलं घर चुकलं. लॉन नव्हतं. निम्मं अंगण वीतभर खोल खणलेलं होतं, माती भुसभुशीत, ढेकळं फोडलेली, एका कडेला पांढऱ्या काश्यांचा ढीग माती झटकून नीट रचलेला, आणि त्याच्या शेजारी आबा कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून बसलेले. डोळ्यांत औषध, वर तोच काळा चष्मा. म्हणजे हे सगळं त्यांनी हातानं चाचपून केलं होतं.

"डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हटलंय," मी म्हणालो.

"बसून खणलं." त्यांच्या चेहऱ्यावर पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं असं समाधान. "माती झ्याक हाय. मेथी टाक."

बायको आतून चहा घेऊन आली. पहिला कप आबांना. मेथीचं बी तिनं दुपारीच आणून ठेवलं होतं.

काश्या जाळायला आबा उठले, पण आमच्या आळीत धूर करायला बंदी. घंटागाडीवाल्यानं ढिगाकडे बघितलं आणि म्हणाला, "रोज थोडं थोडं द्या दादा." तेव्हा रोज एक पिशवी घंटागाडीत आणि आबांचा तिच्यावर पहारा, वाटेत गाठ सांडायला नको म्हणून. भाऊबीज झाली आणि ते गावाला गेले. जाताना वाफ्याकडे बघून म्हणाले, "निर्मळ झालं."

तुळशीचं लग्न झालं. गुलाबाच्या डोळ्यांतून तांबूस फुटवे निघाले, काकांनी ते भिंतीवरून मोजले. मेथी टचटचीत हिरवी झाली. पहिली जुडी उपटायला मी सकाळी बसलो तर एका मुठीत मेथीची दहा-बारा रोपं आली आणि त्यांच्यामधून एक बारीक, गाठीगाठीचा, ओळखीचा धागा. मी माती बाजूला केली. खणून भुसभुशीत केलेल्या जमिनीत ती अशी पसरली होती की नर्सरीवाल्यानं लावून दिली तेव्हाही इतकी दाट नव्हती.

त्याच रात्री गावाहून फोन. आबांनी तब्येत विचारली नाही, पोरांचं विचारलं नाही.

"आली का?"

"कोण?"

"आता कोन म्हनून इचारतूस? ती."

"आली."

"कुठनं?"

"मेथीतनं."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग खाट करकरल्याचा आवाज आला, आबा उठून बसले असावेत. आवाज एकदम तरणा.

"खुरपं पाजवून ठेव. सोमवारच्या यष्टीनं येतो."