गाड्या मोजून झाल्या असतील तर जरा डेपोकडं पण बघा

नवीन एसटी आली की आमच्याकडं नारळ फुटतो, हार पडतात, आमदारसाहेब स्टेअरिंगवर बसून फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर "आपल्या आगाराला नव्या लालपऱ्या" फिरायला लागतं. गाड्या पाहिजेतच, त्यात वाद नाही, जुन्या पार खिळखिळ्या झाल्यात. पण ह्या गाड्या रात्री उभ्या कुठं राहणार, खाली शिरून काम करायला पिट किती आहेत, रात्रपाळीला मेकॅनिक किती, हे त्या फोटोत कुणी विचारताना दिसलंय का?

आपल्याला दिसतो तो स्टँड. खरी एसटी चालते मागच्या वर्कशॉपमधे. संध्याकाळी गाडी आत आली की ड्रायव्हर सांगतो ब्रेक लागत नाहीये, क्लच सरकतोय, आणि रात्री पिवळ्या बल्बखाली ग्रीस-ऑइलमधे माखलेली चार माणसं ते नीट करतात म्हणून पहाटेची पहिली गाडी सुटते. त्यांना सामान मिळालं नाही तर दुसऱ्या उभ्या गाडीचं काढून हिला लावायचं. असं झालं की एक गाडी धावते आणि दुसरी कोपऱ्यात धूळ खात बसते. आणि पब्लिक शिव्या घालतं कंडक्टरला!

डेपोत होत नाही ते काम विभागीय कार्यशाळेत जातं आणि त्याच्यावर तीन मध्यवर्ती कार्यशाळा, पुण्याजवळची दापोडी, संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरजवळची हिंगणा. एसटीवेड्या पोरांना हे पाठ असतं. कोकणातल्या गाडीवर एमएच १४ किंवा एमएच २० कसं काय, तर बॉडी दापोडीला नाहीतर चिकलठाण्याला बांधलेली आणि पासिंग तिथलंच. स्वतःच्या गाड्यांची बॉडी स्वतः बांधणारं महामंडळ आहे हे, गंमत नाही. आता कंपनीकडून तयार गाड्या घ्यायला लागलेत, घ्या, पण म्हणून ह्या कार्यशाळांना हळूहळू गोडाऊन करू नका एवढंच म्हणणं आहे.

आता इलेक्ट्रिकचं बघा. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर धावली आणि १ जून २०२२ ला पहिली शिवाई, म्हणजे एसटीची इलेक्ट्रिक गाडीपण त्याच रूटला सोडली, भारी वाटलं. पुढं ५१५० भाड्याच्या ई-बसची घोषणा झाली आणि मग गाड्यांची नुसती वाट बघणं. पण गाड्या वेळेत आल्या असत्या तरी लावल्या कुठं असत्या? डिझेलचं बरं असतं, डेपोतल्या पंपावर गाडी लावली की काही मिनिटांत टाकी फुल. मार्च २०२२ मधे घाऊक डिझेल बाहेरच्यापेक्षा महाग झालं तेव्हा गाड्या सरळ साध्या पंपावर नेऊन भरल्या, काम भागलं. ई-बसला ही सोय नाही. तिला डेपोतच मोठ्या दाबाचं कनेक्शन पाहिजे, ट्रान्सफॉर्मर पाहिजे, आणि चार्जिंग होईपर्यंत उभं राहायला जागा पाहिजे. म्हणजे गाडीच्या आधी डेपो. आपण नेमकं उलटं करतो.

आणि जागा म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. मोक्याच्या जागा, बीओटी (खासगी बिल्डरनं बांधायचं, काही वर्षं चालवायचं, मग परत द्यायचं), कॉम्प्लेक्स, वर हॉटेल. माझा विरोध नाही, पैसा येऊ दे. पण अशा आराखड्यात वर्कशॉप गावाबाहेर ढकललं तर काय होतं ते मोजा. समजा डेपो ८ किलोमीटर लांब गेला आणि ६० गाड्या आहेत, प्रत्येक गाडी रोज एकदा जाणार एकदा येणार, म्हणजे ९६० किलोमीटर रोज रिकामी गाडी पळवायची. डेड किलोमीटर म्हणतात त्याला. त्याचं डिझेल काय दुकानांच्या भाड्यातून कापणार का?

माणसांबद्दल तर बोलायलाच नको. ड्रायव्हर-कंडक्टरची रेस्टरूम म्हणजे ढेकूण, गळकं छत आणि एक पंखा. महिला कंडक्टर इतकी वर्षं ड्युटी करतायत, आता बायका स्टेअरिंगवरपण आल्या, तरी आतून कडी लागणारं स्वच्छ बाथरूम मिळेल ह्याची खात्री नाही. फेब्रुवारी २०२५ मधे स्वारगेटला उभ्या शिवशाहीत एका तरुणीवर अत्याचार झाला तेव्हा सगळे खडबडून जागे झाले, ऑडिट काय, सीसीटीव्ही काय. उभ्या गाड्यांना कुलूप, आवारात उजेड आणि रात्री फिरणारा वॉचमन, ह्यासाठी कुठला निधी अडला होता?

आमच्या भागात परत लोकार्पण आहे म्हणे. जाणार आहे मी, हारबीर झाले की आगार व्यवस्थापकांना पिट किती, रात्रपाळीला मेकॅनिक किती, हे दोनच प्रश्न विचारणार. तुमच्या डेपोचा आकडा माहीत असेल तर खाली टाका, आणि कुणी मेकॅनिक वाचत असाल तर नाव न घेता मेसेज करा.