ओळी मोजणे म्हणजे पायऱ्या मोजणे नव्हे

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी पुतण्याने परवा वही उघडली, तेव्हा प्रोग्रॅम किती पायऱ्यांत काम करतो हे मोजणारे पूर्ण कोष्टक आडवी रेघ मारून खोडलेले दिसले. कारण सी या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल मुलांच्या ग्रुपवर फिरणारा संदेश : 'सी मध्ये पायऱ्या मोजणे संथ संगणकांच्या काळातले आहे; ज्या प्रोग्रॅमच्या ओळी कमी तो वेगवान; शंका असेल तर घड्याळ लावा; आणि बायनरी सर्च (यादी अर्धी-अर्धी करत शोधणे) नेहमीच श्रेष्ठ.'

यातला ओळींचा मुद्दा सर्वांत घातक आहे. एक लाख अक्षरांचा मजकूर कॅपिटल करायचा असून तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फॉर लूपच्या अटीतच स्ट्रलेन (मजकुराची लांबी मोजणारे फंक्शन) लिहिले, तर ओळ एकच दिसते. पण स्ट्रलेन दर वेळी पहिल्या अक्षरापासून मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्यापर्यंत चालत जाते आणि अट लाखभर वेळा तपासली जाते, म्हणजे सुमारे 1000 कोटी पायऱ्या होतात. लूपमध्ये मजकूरच बदलत असल्याने प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरलाही ही चूक बहुधा सावरता येत नाही. लांबी आधीच एका चलात ठेवली तर एक ओळ वाढते आणि पायऱ्या दोन लाखांच्या आसपास येतात. आता कोणता प्रोग्रॅम वेगवान, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे.

संगणक वेगवान झाले, हे खरे. परंतु शेजारच्या नोंदींची तुलना करत यादी क्रमाने लावणाऱ्या साध्या बबल सॉर्टला 1000 नोंदींसाठी 4,99,500 तुलना लागतात आणि 10,000 नोंदींसाठी 4,99,95,000. नोंदी दहापट वाढल्यावर दहापट वेगाचे यंत्र आणले तरी दहापट वेळ थांबावेच लागते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी 1968 च्या आपल्या ग्रंथात मिक्स नावाचे काल्पनिक यंत्र योजून त्यावर सूचना किती वेळा चालतात हे मोजले. जे यंत्र अस्तित्वातच नव्हते, त्याच्या संथपणाचा प्रश्न येतो कुठे?

घड्याळाबाबत थोडे मान्य करावे लागेल. दहा-बारा नोंदींवर इन्सर्शन सॉर्ट (एकेक नोंद तिच्या योग्य जागी घालत जाणारी पद्धत) मोठ्या नावाच्या पद्धतींना मागे टाकू शकते, आणि मेमरीचा परिणाम कागदावरच्या मोजणीत दिसत नाही. पण लोडशेडिंगमध्ये लॅपटॉप बॅटरीवर गेला की अनेकदा तोच प्रोग्रॅम रेंगाळतो. तुलनांचा आकडा मात्र हलत नाही.

राहिले बायनरी सर्च. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत ते फार तर 20 टप्प्यांत शोधते, यात वाद नाही. मात्र जिनिंग कारखान्याच्या फाटकावर कापसाच्या गाड्या नावांच्या क्रमाने येत नाहीत. त्या नोंदींवर ते तसेच चालवले तर यादीत असलेला शेतकरीही सापडेलच याची खात्री नाही, आणि एका नावासाठी सगळी यादी क्रमाने लावण्यापेक्षा वरून खाली एकदा पाहणेच स्वस्त पडते.