गेटअ‍ॅट्र लिहिलं म्हणून डिर सुधारत नाही

पायथनच्या पोस्टींमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: रॅपर क्लासला (दुसरा ऑब्जेक्ट आत गुंडाळणाऱ्या क्लासला) `__गेटअ‍ॅट्र__` द्या, आतल्या ऑब्जेक्टचं सगळं बाहेर मिळतं आणि टॅब दाबल्यावर नावंही दिसतात. नाही दिसली तर आतल्या ऑब्जेक्टचा `__डिक्ट__` (त्याची स्वतःची नावं आणि किमती ठेवणारी डिक्शनरी) कॉपी करा. नको ती नावं `__डिर__`मधून (नावांची यादी देणाऱ्या मेथडमधून) वगळली की प्रायव्हेट झाली.

"सगळं मिळतं" हे अर्धंच खरं. साधे अ‍ॅट्रिब्यूट (डॉट लावून मागायची नावं) मिळतात. पण लिस्ट गुंडाळून `लेन(रॅपर)` चालवा, टाइपएरर येईल. `लेन()`ला लागणाऱ्या `__लेन__`सारखे डंडर मेथड (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेले) पायथन थेट क्लासवर शोधतो, `__गेटअ‍ॅट्र__`ला विचारतच नाही.

"नावंही दिसतात" हा दावा साफ चूक आहे, आणि गोंधळाचं मूळही तोच. टॅबला नावं पुरवणारं `डिर()` क्लासच्या `__डिर__`ला हाक मारतं. ते आपणहून लिहिलेलं नसेल तर ऑब्जेक्टचा `__डिक्ट__`, त्याचा क्लास आणि वरचे बेस क्लास एवढंच चाळलं जातं. `__गेटअ‍ॅट्र__` हे नेहमीचा शोध फसल्यावर चालणारं फंक्शन; ते कोणत्या नावांना उत्तर देईल हे पायथनला आधी कळणार कसं? म्हणून `रॅपर.अपेंड` चालतं, पण यादीत नसतं. `__डिर__`ची सोय २००८ पासून, म्हणजे २.६ आवृत्तीपासून आहे. त्यात `सुपर()`च्या `__डिर__`ची यादी आणि आतल्या ऑब्जेक्टचं `डिर()` घ्या, दोन्हींचे सेट करून युनियन परत द्या. नुसती बेरीज केलीत तर नावं दोनदा येतात, कारण `डिर()` क्रम लावतं, पुनरावृत्ती काढत नाही. काहीजण `__डिर__` क्लासऐवजी ऑब्जेक्टवर चिकटवतात. तिकडे कुणी बघत नाही.

`__डिक्ट__` कॉपी करणं तर उलटंच अंगाशी येतं. मेथड क्लासमध्ये असतात, त्या येत नाहीत. साध्या लिस्टला `__डिक्ट__`च नसतो. आणि जे नाव रॅपरमध्ये उतरलं, ते तिथेच सापडत असल्यामुळे `__गेटअ‍ॅट्र__`ला हाक जात नाही: आतली किंमत बदलली तरी बाहेर जुनीच दिसते.

राहिलं प्रायव्हेट: यादीतून वगळल्याने नाव बंद होत नाही. `हॅजअ‍ॅट्र()` यादी पाहत नाही, प्रत्यक्ष अ‍ॅट्रिब्यूट मागून बघतं. ऑब्जेक्टमध्ये काय काय आहे ते दाखवणारं `इन्स्पेक्ट.गेटमेंबर्स()` मात्र `डिर()`वरूनच चालतं, त्यामुळे वगळलेलं नाव तिथे दिसत नाही आणि लोकांना ते खरंच लपल्यासारखं वाटतं. डेटा हाताळायची लायब्ररी पांडास पाहा: डेटाफ्रेमच्या (तिच्या तक्त्याच्या) कॉलमांची नावं ते `डिर()`मध्ये घालतं, पण डीफॉल्ट मर्यादा १००. त्यापुढचा कॉलम यादीत नसला तरी डॉट लावून मिळतोच. खरंच अडवायचं असेल तर परवानगीची नावं एका जागी ठेवा. `__गेटअ‍ॅट्र__`मध्ये त्याबाहेरच्या नावाला अ‍ॅट्रिब्यूटएरर द्या आणि तीच यादी `__डिर__`ला पुरवा. आतला ऑब्जेक्ट ज्या नावाने ठेवलाय ते नाव माहीत असलेला तरीही आत जाईल. पण निदान टॅब आणि कोड एकच सांगतील.