बॅगेत चकल्या भरता, फोडणी कोण शिकवणार?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

इथे म्युनिकमध्ये शिकायला आलेला सोलापूरकडचा एक मुलगा आज टर्किश दुकानात भेटला. हातात नूडल्सची पाकिटं, समोर डाळींचं अख्खं कपाट. मला विचारतो, "ताई, ही लाल डाळ म्हणजे मसूरच ना? हिचं वरण होतं?" इंजिनीअर झालेला मुलगा! महिन्याच्या सुरुवातीला रोज सात-सात युरोचा डोनर (टर्किश मांसाचा रोल), शेवटी शेवटी नूडल्स.

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. म्हणजे महिन्याला 992. इथे खोलीच त्यातले निम्म्याहून जास्त खाते, वर विमा. त्या पैशांसाठी घरच्यांनी कर्ज काढलं, बॅगेत चकल्या-लाडू कोंबले, पण पोराला वरणभात शिकवायला कुणाला सवड झाली नाही? "आमच्या बाळ्याने कधी गॅस पेटवला नाही हो" हे कौतुकाने सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मुलीबद्दल असं कौतुक ऐकलंय कधी?

वर याचा रूममेट म्हणतो, जर्मनीत येऊनही वरणभातच खायचा का, हा चिंगूसपणा झाला. हो, खायचा! अर्धा किलो मसूर डाळ दोन युरोच्या आसपास मिळते. भिजवायला नको, कुकर नको, साध्या पातेल्यात वीसेक मिनिटांत शिजते. थंडीत कोबी, बटाटे, गाजरं स्वस्त असतात. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच सामान आणायचं आणि दोन-तीन दिवसांचं करून ठेवायचं. यात कसला आलाय चिंगूसपणा?

दुपारी युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, स्वस्तात भागतं, मान्य. फोडणीच्या वासावरून फ्लॅटमेट कुरकुरतात, तेही खरं. खिडकी उघडा, झाकण ठेवा. पण रात्री उपाशी झोपू नका रे.

त्या मुलावर नाही चिडले मी. आई रोज व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" विचारते आणि तो हो म्हणतो, हे त्याने मान खाली घालून सांगितलं तेव्हा पोटात तुटलं. नूडल्स परत ठेवायला लावल्या. मसूर, तांदूळ, मोहरी, हळद घेतली. हिंग माझ्या डबीतला देणार आहे.

म्युनिकमध्ये नवीन आलेली आपली मुलं-मुली ओळखीत असतील तर त्यांना माझा इनबॉक्स द्या. शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे या म्हणावं. कांदा चिरण्यापासून सुरुवात करू, आणि जेवूनच जायचं.